घोंगडेवाडीची नऊ मिनिटे

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
पूर पूर्वसूचना व ग्रामस्थलांतर कक्ष,
जुन्या गोदामाची इमारत, वरचा मजला, बारामती.

विषय : मौजे घोंगडेवाडी, ता. इंदापूर, या गावाच्या नावे लागलेली 'नऊ मिनिटे' ही नोंद रद्द करून गाव 'अ' गटातून 'क' गटात घेणेबाबत (अर्ज पाचवा).

संदर्भ : १) आपल्या कक्षाचा नमुना क्रमांक सात. २) माझे यापूर्वीचे चार अर्ज. ३) आपली त्यावरील तीन उत्तरे. चौथ्या अर्जाचे उत्तर आलेले नाही.

महोदय,

वरील विषयास अनुसरून, मी दत्तोबा तात्याबा कोकरे, वय साठ, राहणार घोंगडेवाडी, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो तो येणेप्रमाणे.

१. मी एस.टी.मध्ये एकतीस वर्षे नोकरी करून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. बारामती आणि इंदापूर या दोन्ही स्टँडांवर मी गाड्यांच्या वेळा नोंदवल्या आहेत. माझे मनगटी घड्याळ मी रोज सकाळी आकाशवाणीच्या टोल्यांवर लावतो, आजही लावतो. तीन मिनिटे उशिरा आलेल्या गाडीला मी 'वेळेवर' असा शेरा कधी दिला नाही आणि त्यापायी बऱ्याच ड्रायव्हरांचे शिव्याशाप खाल्ले. हे सांगण्याचे कारण एवढेच, की प्रस्तुत प्रकरणातील 'नऊ मिनिटे' हा आकडा घड्याळ लावून मीच मोजला आहे आणि त्याखालची सहीही माझीच आहे. तो आकडा मिनिटालासुद्धा चुकलेला नाही. तरी तो खोडावा अशी माझी मागणी आहे.

२. आपल्या कक्षाची यंदाच्या पावसाळ्याची गावनिहाय यादी ३१ मे रोजी कायम होणार, असे आपल्या सूचनाफलकावर लिहिले आहे. आज १८ मे आहे. यादी आहे तशी कायम झाली, तर वरच्या धरणातून पाणी सुटेल तेव्हा आमच्या गावाला पाणी शिवेवर येण्याच्या फक्त एक तास आधी निरोप मिळेल. गाडी एकही मिळणार नाही. गावात अंथरुणाला खिळलेली नऊ माणसे आहेत. ती एका तासात बाहेर निघत नाहीत. हे मी तर्काने लिहीत नाही, पुढे परिच्छेद नऊमध्ये मोजून दिले आहे. आपण कामाच्या गर्दीत असाल तर मधले परिच्छेद सोडून तो आधी वाचावा. पण मग हेही वाचावेत, ही विनंती.

३. मूळ चूक नमुना क्रमांक सातमध्ये आहे. हा नमुना पुरासाठी तयार झालेलाच नाही. तो कुठल्याशा अणुविद्युत केंद्राच्या आसपास राहणाऱ्या लोकांना किती वेळात हलवता येईल याचा अंदाज काढण्यासाठी केलेला आहे. कक्षाने तो कुठून तरी मिळवला, मराठीत उतरवला, सायक्लोस्टाइल केला आणि जिथे जिथे 'अणुविद्युत केंद्र' होते तिथे पेनाने रेघ मारून वर 'धरण' लिहिले. दोन ठिकाणी रेघ मारायची राहून गेली आहे. प्रत सोबत जोडली आहे.

त्यामुळे गेल्या वर्षी आलेल्या सर्वेक्षक साहेबांनी आम्हाला जे प्रश्न विचारले ते असे. वाऱ्याची दिशा कोणती? त्यासाठी त्यांनी ग्रामपंचायतीसमोर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिले आणि 'नैर्ऋत्य' लिहिले. दारे-खिडक्या बंद करून घरातच थांबण्याची सोय आहे काय? पुरात दारे बंद करून आत थांबलो तर काय होईल, हे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, 'होय किंवा नाही एवढेच सांगा.' आयोडीनच्या गोळ्यांचा साठा किती? ग्रामसेवकांनी विचार करून लिहिले, 'रेशन दुकानात आयोडीनयुक्त मीठ, दोन पोती.' ही नोंद आपल्या दप्तरी मंजूर आहे.

निवाऱ्याची जागा केंद्रापासून सोळा किलोमीटरच्या बाहेर असावी, असे नमुना सांगतो. अणूच्या बाबतीत त्याला काही अर्थ असेल. पाण्याला सोळा किलोमीटर लागत नाहीत. आमच्या ओढ्यापलीकडे लगतच जो माळ आहे तो आमच्या वाडवडिलांच्या आठवणीत बुडालेला नाही. तरी आमचा निवारा सणसरच्या शाळेत नेमला आहे. ती आमच्यापासून तीस किलोमीटर असून तिथे जायला दोन एस.टी. बदलाव्या लागतात. सकाळची पहिली गाडी चुकली तर दुसरी मिळत नाही, हे मी अधिकाराने सांगू शकतो.

पुढे 'प्रत्येक कुटुंबास एक वाहन' असे गृहीत धरा, असे आहे. साहेबांनी गावातील वाहने मोजली. ट्रॅक्टर पाच, जीप एक, बैलगाड्या बावीस, सायकली नव्वद. बेरीज एकशे अठरा. गावात घरेही एकशे अठरा. साहेबांना फार आनंद झाला. वाहनाचा वेग नमुन्यातच ताशी साठ किलोमीटर छापलेला आहे, म्हणून घोंगडेवाडीची बैलगाडी सणसरला अर्ध्या तासात पोहोचते, अशी आपल्याकडे नोंद आहे. जनावरांचा रकाना नमुन्यात नाही. दावणीची गाय सोडल्याशिवाय आमच्याकडचा माणूस उंबरा ओलांडत नाही, हे ज्याने नमुना केला त्याला कोणी सांगितले नसावे.

४. आता माझ्या चुकीविषयी. नमुन्यात शेवटी असे आहे की, 'सूचना मिळाल्यापासून घराबाहेर पडण्यास लागणारा वेळ एका प्रातिनिधिक कुटुंबाची चाचणी घेऊन ठरवावा.' १४ मे १९९७ रोजी सकाळी दहाला ही चाचणी झाली. साहेबांनी विचारले, प्रातिनिधिक कुटुंब कोणते घ्यायचे? त्या वेळी ते माझ्या ओट्यावर चहा पीत होते. मी म्हणालो, आमचेच घ्या की.

माझ्या घरात तेव्हा मी आणि माझी आई सारजाबाई एवढीच माणसे होती. आईचे वय त्या वेळी पंचाहत्तर. आमचे घराणे मेंढपाळांचे. १९६१ साली वडिलांनी मेंढरे विकून इथे जमीन कसायला घेतली, तोवर आईने दिवाळीपासून पावसापर्यंत दर दोन-तीन दिवसांनी वाडा हलवला आहे. वाडा म्हणजे मेंढरांसह माळावर पडलेले बिऱ्हाड. पुरुष मेंढरे घेऊन पुढे जात आणि मागचे सगळे बिऱ्हाड घोड्यावर लादून बायका नव्या मुक्कामी नेत. माझा जन्मही अशाच वाड्यावर, कऱ्हाटीच्या माळावर झाला. आई सांगते, दुपारी मी झालो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वाडा हलला.

साहेबांनी शिट्टी वाजवली. आईने घोंगडी अंथरली. तवा, पिठाचे गाठोडे, मीठ-मिरचीची पुरचुंडी, कोनाड्यातले देवाचे टाक, कंदील, माझा चष्मा. चार टोके बांधली, गाठोडे डोक्यावर घेतले, कोंबडी काखेत मारली, चुलीवर पाणी ओतले, कडी घातली आणि वेशीत येऊन उभी राहिली. मी घड्याळ बघितले. नऊ मिनिटे. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, "घोडं आसतं तर सातात आली आसती."

महोदय, मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. आयुष्यभर मी वेळ पाळणारी एक गाडी शोधत होतो आणि ती माझ्याच घरात होती. साहेबांनी नमुना पुढे केला. मी 'नऊ मिनिटे, घड्याळाप्रमाणे खरी' असे लिहून सही ठोकली. गावातली बाकीची एकशे सतरा घरे कशी निघतील हा विचार त्या क्षणी माझ्या मनातही आला नाही.

५. नऊ मिनिटे घरातली आणि तीस मिनिटे रस्त्याची, एकूण एकोणचाळीस. एका तासाच्या आत निघणारे गाव 'अ' गटात जाते. जून महिन्यात कक्षाकडून 'आदर्श स्थलांतर ग्राम' असे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत आले. ग्रामपंचायतीत आईचा नारळ आणि खण देऊन सत्कार झाला. 'अ' गटाचा अर्थ काय, तो कोणी विचारला नाही. 'अ' म्हणजे चांगलेच असणार, शाळेत असते तसे, अशी सर्वांची समजूत. मीही त्यातलाच.

'अ' म्हणजे एक तास आधी निरोप व गाडी नाही, आणि 'क' म्हणजे सहा तास आधी निरोप व दोन एस.टी. गाड्या, हे आम्हाला पूर येऊन गेल्यावर कळले. आमच्या शेजारी एक वाडी आहे. तिचे नाव घेत नाही, आमच्या सोयरिकी आहेत. ती उंच माळावर असून तिथे विहिरीलासुद्धा पाणी नाही. चाचणीच्या दिवशी त्यांच्या सरपंचांनी साहेबांसाठी गावजेवण ठेवले. पंगती उठेपर्यंत पाच तास गेले आणि ते गाव 'क' गटात बसले. गेल्या पावसाळ्यात दोन गाड्या त्या माळावर दिवसभर उभ्या होत्या. ड्रायव्हर माझ्या ओळखीचे होते, त्यांनीच नंतर सांगितले.

६. २६ ऑगस्ट १९९७. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी दूध संकलन केंद्रात कक्षाचा फोन आला. आमचे कोतवाल माऊली यांनी शाळेची घंटा बडवायला घेतली. निरोप तासाचा होता, तोही खरा ठरला नाही. कारण नरसिंहपूरला भीमा फुगली की नीरा मागे तुंबते आणि ते पाणी नदीच्या आधी आमच्या ओढ्यात शिरते. हे गावातले शेंबडे पोरही सांगेल, पण तसा प्रश्न नमुन्यात नव्हता. ओढ्यावरची फरशी, म्हणजे सखल पूल, हा गावाबाहेर पडायचा एकच रस्ता. फरशी एक वाजून पंचावन्न मिनिटांनी पाण्याखाली गेली. आम्हाला पस्तीस मिनिटे मिळाली.

कक्षाच्या सूचनेप्रमाणे मी फरशीच्या पलीकडे हजेरीची वही घेऊन उभा होतो. आई एक वाजून तीस मिनिटांनी वेशीत दिसली आणि फरशी ओलांडून आली. दहा मिनिटे. कोंबडी लवकर सापडली नाही, म्हणून एक मिनिट जास्त लागले. मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पान उलटले.

त्यानंतर तिने मला विचारले, "दगडाबाई कुठं हाय?" दगडाबाई या आमच्या खालच्या आळीच्या शेजारीण. वय ऐंशी, डोळे गेलेले. त्यांचे चिरंजीव मानसिंग बारामतीला कामाला होते. मी वहीत पाहून म्हणालो, अजून आलेल्या नाहीत. आई वहीपासून बाजूला सरली. मला वाटले ती मागे गर्दीत बसली असेल. माझी मान वहीत होती. बावन्न घरे आली. मग पाणी फरशीवरून वाहू लागले आणि माणसे यायची थांबली. उरलेले लोक गुरे ओढत गावातच बिरोबाच्या देवळाच्या उंच जोत्यावर चढले. मी एकेक नाव वाचून खात्री करत होतो. आईचे नाव मी वाचले नाही, कारण तिच्यापुढे खूण होती.

मला माऊलीने हाताला धरून वळवले. म्हणाला, "दत्तूतात्या, त्या माळवदावर बगा. ती तुमची आई हाय नव्हं?"

ओढ्याच्या गावाकडच्या बाजूला तीनशे पावलांवर दगडाबाईंच्या घराचे माळवद दिसत होते. त्यावर दोन बायका. खाली आळीत छातीइतके पाणी. नंतर कळले ते असे, की फरशी बुडण्याआधीच आई परत गेली आणि तिने दगडाबाईंना शिडीने वर चढवले. मग ती स्वतः चढताना वरची पायरी तुटली आणि ती कठड्याला लोंबकळली. दगडाबाईंना दिसत नाही. त्यांनी चाचपडून आईचे मनगट धरले आणि ऐंशी वर्षांच्या त्या बाईने तिला वर ओढून घेतले. त्या ओढाताणीत आईचा खुबा मोडला. तेव्हापासून ती अंथरुणावर आहे, आणि त्या पावसानंतर दगडाबाईही. पाणी उतरून आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा सायंकाळचे सहाला दहा कमी होते. ती दिसल्यापासून तोवर सुमारे साडेतीन तास मी माळाच्या बाजूला उभा होतो. मला पोहता येत नाही. मी घड्याळ बघत होतो, कारण दुसरे काही करता येत नव्हते. मला माझी आणि त्या घड्याळाची शरम वाटली. ती आजही वाटते.

७. त्यानंतर कक्षाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात घोंगडेवाडीपुढे 'जीवितहानी निरंक, स्थलांतर नियोजित वेळेत' असे आहे. पहिले खरे आहे, त्यात आपल्या कक्षाचा काही वाटा नाही. दावणीला राहिलेल्या चौदा शेळ्या व तीन गाई मेल्या, त्यांचा उल्लेख नाही, कारण रकाना नाही.

मी अर्ज केला. आपले पहिले उत्तर आले की, नऊ मिनिटे हा आकडा अनुभवी वाहतूक नियंत्रकाने प्रमाणित केलेला असल्याने त्यावर शंका घेण्यास जागा नाही. मी कळवले की तो नियंत्रक मीच आहे आणि मलाच शंका आहे. दुसरे उत्तर आले की, आकडा फक्त फेरचाचणीने बदलता येतो, फेरचाचणी फक्त 'क' गटातील गावांची घेतली जाते, आणि आपले गाव नऊ मिनिटांमुळे 'अ' गटात असल्याने फेरचाचणीस पात्र नाही. हे उत्तर मी चार वेळा वाचले. मग मी ते ग्रामसेवकांना वाचायला दिले, त्यांनी ते मुख्याध्यापकांना दिले. ते अद्याप परत आलेले नाही, म्हणून त्याची प्रत जोडता आली नाही. आपल्याकडे असेलच.

तिसरे उत्तर असे की, सदर नोंद खोटी होती असे अर्जदाराचे म्हणणे असल्यास खोटे प्रमाणपत्र दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा. त्याच पत्रात खाली, साठ्यातील मिठाची मुदत संपली असल्यास तसे कळवावे, असेही आहे. मिठाची मुदत संपलेली नाही. ते पुरात विरघळले.

खुलासा पुढीलप्रमाणे. नोंद खोटी नव्हती, चुकीच्या माणसाची होती. गावातली सगळ्यात चपळ बाई निवडून तिच्या वेळेने मी सगळे गाव मोजले. एस.टी.त असताना मी असे कधी केले नसते. रिकाम्या जीपला लागणारा वेळ घेऊन कोणी गर्दीच्या गाडीचे वेळापत्रक करत नाही. ही चूक माझी आहे, अभिमानापोटी झाली आहे. त्यासाठी जी कारवाई करायची ती करावी, मी बारामतीला स्वतः हजर होईन. परंतु कारवाई माझ्यावर व्हावी, गावावर होऊ नये.

८. या संदर्भात माझी आई सारजाबाई हिने दिलेला जबाब जसाच्या तसा लिहीत आहे. मी तो शुद्ध करायला गेलो, तेव्हा तिने मला हटकले.

"सायब, तुमी माझं घड्याळ लावलं तितंच चुकलं. वाडा हालवताना आमी तरण्या मेंढीकडं बगत न्हवतो. ती कुठंबी जाती. आमी आदी बगायचो, काल-परवा झालेली कोकरं किती हायत, लंगडी मेंढी कुठली हाय, आन् म्हातारं माणूस कोण हाय. त्यांस्नी आदी घोड्यावर घालायचं. मग तवा, मग देव. ती जितकं चालतील तितकाच मुक्काम लांब. तुमच्या कागदात लंगडं कोण हाय ह्ये कुणी इचारलंच न्हाय. दत्तूनं बी न्हाय इचारलं. त्यो वाड्यावर जन्मला खरा, पर मोठा स्टँडावर झाला."

हा शेवटचा शेरा वगळावा असे मला वाटत होते. आईने वगळू दिला नाही.

९. आपण फेरचाचणी घेत नाही, म्हणून १० मे १९९८ रोजी दुपारी एक वाजता आम्ही गावाने स्वतः चाचणी घेतली. आदल्या दिवशी दवंडी दिली नाही. दुपारी एकची वेळ मुद्दाम घेतली, कारण त्या वेळी धडधाकट पुरुष रानात किंवा कामावर असतात आणि पूरही दुपारीच आला होता. त्या वेळी गावात बाज उचलू शकतील असे बारा पुरुष मिळाले. एका बाजेला चार, म्हणजे एका वेळी तीन बाजा निघतात. अंथरुणावरची माणसे नऊ, म्हणजे तीन खेपा.

पहिल्या खेपेत कोणाला न्यायचे यावर जरा बोलाचाली झाली. मी माझ्या आईचे नाव पहिले लिहिले होते. आई म्हणाली, "मला मागं ठेव. दगडाबाई आदी." मी म्हणालो, तू खुबा मोडून घेतलास तो तिच्यासाठीच. ती म्हणाली, "म्हणून काय आता तिच्याम्होरं जाऊ?" त्यामुळे पहिल्या खेपेत दगडाबाई व दोघे, दुसऱ्या खेपेत तिघे, आणि तिसऱ्या खेपेत दोघे व आई अशी क्रमवारी लागली.

पहिली खेप घंटेपासून, बाजा बांधण्यासकट, फरशीपलीकडे पोहोचली ती एकोणचाळीस मिनिटांत. या आकड्याचा आपल्या एकोणचाळीसशी काही संबंध नाही, पण वाचताना आपल्याला तो ओळखीचा वाटेल म्हणून सांगतो. माणसे परत आली, पाणी प्यायली, दुसरी खेप घेतली. खांदे दुखू लागले. दुसऱ्या खेपेला एक बाज फरशीवर खाली ठेवावी लागली. या चाचणीत एक वाजून पस्तीस मिनिटांच्या पुढे, म्हणजे निरोपापासून पस्तीस मिनिटे झाल्यावर, ही फरशी पाण्याखाली असते हे गेल्या वर्षी आपण पाहिलेच. म्हणजे नऊजणांपैकी कोणीही प्रत्यक्षात पार झाले नसते. पहिल्या खेपेतल्या दगडाबाईसुद्धा नाही.

१०. सबब, विनंती अशी की ३१ मेच्या यादीपूर्वी (क) घोंगडेवाडीची नऊ मिनिटांची नोंद रद्द करावी व गाव 'क' गटात घेऊन सहा तास आधी निरोप व गाड्या द्याव्यात, (ख) निवारा सणसरऐवजी ओढ्यापलीकडच्या माळावर नेमावा, (ग) फरशीची उंची वाढेपर्यंत निरोपाची वेळ फरशी बुडण्यापासून मागे मोजावी, पाणी शिवेवर येण्यापासून नव्हे, (घ) नमुन्यात 'सर्वांत हळू माणूस कोण' असा एक रकाना घालावा. चौथी मागणी आईची आहे. ती मान्य झाली तर बाकीच्या आपोआप होतील असे तिचे म्हणणे आहे. मला ते पटते.

११. तिसऱ्या खेपेविषयी लिहायचे राहिले. आईच्या बाजेला पुढे माऊली व आणखी एक, मागे त्या दिवशी गावी आलेला दगडाबाईंचा मानसिंग आणि मी. माझे वय बाज उचलण्याचे नाही, पण बारांपैकी एक गडी दुसऱ्या खेपेनंतर खाली बसला तो उठेना. घड्याळ माझ्या डाव्या मनगटावर, तोच हात बाजेच्या खुराखाली, त्यामुळे वेळ सतत डोळ्यांसमोर होती. वेशीपाशी पोहोचलो तेव्हा आईने आभाळाकडे बघत विचारले, "किती झाली रं दत्तू?"

तिथेच गेल्या वर्षी ती नवव्या मिनिटाला गाठोडे डोक्यावर घेऊन उभी होती. मी म्हणालो, "नऊ."

एकतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतर मी खोटी वेळ कोणाला सांगितलेली नाही. ही पहिली. माऊलीने मान फिरवली. मानसिंग खाली बघून चालत राहिला. फरशी ओलांडून आम्ही माळावर बाज टेकवली. मग आईने माझ्या मनगटाला धरले आणि घड्याळ हाताने झाकले.

म्हणाली, "मला नऊच सांग. कागदावर मातर खरं लिही."

त्याप्रमाणे लिहीत आहे. दोन तास सहा मिनिटे.

निरोपाची वाट पाहणारा,
(सही)
दत्तोबा तात्याबा कोकरे
निवृत्त वाहतूक नियंत्रक
मौजे घोंगडेवाडी, ता. इंदापूर, जि. पुणे
दिनांक : १८ मे १९९८

सोबत :
१) नमुना क्रमांक सातची प्रत, रेघ मारायच्या राहिलेल्या दोन जागांवर लाल खूण केलेली.
२) १० मे रोजीच्या चाचणीचा तक्ता, खेपनिहाय, बारा उचलणाऱ्यांच्या सह्यांसह (दोघांचे अंगठे).
३) २६ ऑगस्ट १९९७ च्या हजेरीच्या वहीतील एक पान. सारजाबाईंच्या नावापुढची बरोबरची खूण मी खोडलेली नाही. ती आहे तशी पाहावी.
४) 'आदर्श स्थलांतर ग्राम' प्रमाणपत्र, काचेच्या चौकटीसह, परत.